बिल कुणाच्या नावावर फाटतं?

पॉप गायिकेचे कपडे, नाच किंवा एखादा व्हिडिओ यांवरून वाद पेटला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक : ‘हिने ताळतंत्र सोडलं.’ दुसरं : ‘शरीर तिचं, मर्जी तिची.’ ही वाक्यं बोलणारे एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचीही नजर तिच्यावरच खिळलेली असते. तिच्या मागे उभी असलेली रेकॉर्ड कंपनी, कार्यक्रम बसवणारे निर्माते, तो घराघरांत पोचवणारी वाहिनी, जाहिरातदार, तक्रारी गोळा करणाऱ्या संघटना, नियामक आणि न्यायालय या सगळ्यांचा वादातला वाटा किती, हे फारसं कुणी विचारत नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेल्या चाळीसेक वर्षांत असे अनेक मोठे वाद झाले. त्यांतल्या काहींचे कागद सर्वांसाठी खुले आहेत : तक्रारींचे आकडे, दंडाचे आदेश, न्यायालयांचे निकाल. ते ओळीने वाचले की हे वाद बऱ्याच अंशी ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकतात हे कळतं. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारायचे. निर्णय कुणी घेतला? आणि किंमत कुणी मोजली? बहुतेक वेळा या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात. ती कशी, हे एका गाजलेल्या प्रकरणाचं बोट धरून पाहू.

सेकंदाचे सोळा भाग

१ फेब्रुवारी २००४. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातलं रिलायंट स्टेडियम. अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला सर्वांत मोठा सामना, म्हणजे ‘सुपर बोल’, चालू होता आणि अमेरिकेत सुमारे नऊ कोटी लोक तो टीव्हीवर पाहत होते. प्रक्षेपण सीबीएस या वाहिनीकडे होतं. मध्यंतरातल्या संगीताच्या कार्यक्रमाची निर्मिती एमटीव्हीने केली होती. दोन्ही कंपन्या तेव्हा व्हायाकॉम या एकाच मालकाच्या होत्या. मुख्य गायिका जॅनेट जॅक्सन आणि शेवटच्या गाण्यात तिच्या जोडीला जस्टिन टिंबरलेक. गाणं संपता संपता त्याने तिच्या पोशाखाचा छातीवरचा एक भाग ओढला आणि तिचा उजवा स्तन उघडा पडला. कॅमेरा लगेच दूर गेला. एका सेकंदाचे सोळा भाग केले तर त्यांतले नऊ, एवढाच वेळ ते दृश्य पडद्यावर होतं. पुढे न्यायालयाच्या निकालातही हाच आकडा आला.

जॅक्सनने खुलासा केला की वरचा भाग निघाल्यावर आतली लाल लेस जागेवर राहायला हवी होती. ही कल्पना शेवटच्या तालमीनंतर ठरली आणि एमटीव्हीला ती ठाऊक नव्हती, असंही तिने सांगितलं. तिने जाहीर माफी मागितली. टिंबरलेकने आपल्या निवेदनात या प्रकाराला ‘वॉर्डरोब मालफंक्शन’ म्हटलं.

आता या क्षणातले वाटेकरी मोजा. ओढणारा हात टिंबरलेकचा, पोशाख जॅक्सनचा, निर्मिती एमटीव्हीची, प्रक्षेपण सीबीएसचं आणि सामना भरवणारी संस्था एनएफएल ही फुटबॉल लीग. एकूण पाच पक्ष. पुढची आठ वर्षं हे प्रकरण चाललं, आणि त्यात या पाचांच्या वाट्याला फार वेगवेगळ्या गोष्टी आल्या.

परवान्याची अट

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा गवगवा असलेल्या अमेरिकेत टीव्हीवर काय दिसावं हे सरकार कसं ठरवू शकतं? याचं मूळ परवान्यात आहे. अँटेनाने पकडता येणारं रेडिओ आणि टीव्ही प्रक्षेपण ज्या लहरींवरून होतं त्या सार्वजनिक मालमत्ता मानल्या जातात. त्या वापरायचा परवाना ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ म्हणजे एफसीसी देतं, आणि परवान्यासोबत अटीही येतात.

त्यांतल्या एका अटीवर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने १९७३ मध्ये भर दुपारी जॉर्ज कार्लिन या विनोदी कलाकाराचं शिव्यांवरचं एकपात्री भाषण लावलं होतं. आपल्या मुलासोबत ते ऐकलेल्या एका वडिलांनी तक्रार केली. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायमूर्तींनी ५ विरुद्ध ४ अशा मतांनी कमिशनच्या बाजूने कौल दिला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. प्रक्षेपण न बोलावता घरात शिरतं आणि लहान मुलांच्या सहज हाती लागतं, म्हणून छापील मजकुरापेक्षा त्यावर जास्त बंधनं घालता येतील. यातून पुढे जी व्यवस्था बसली तीत सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत लैंगिक स्वरूपाचा असभ्य मजकूर प्रक्षेपित करायला मनाई आहे.

या नियमाच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवायला हव्यात. तो केबल वाहिन्यांना लागू नाही, इंटरनेटलाही नाही. आणि कमिशनची कारवाई व्यवहारात परवानाधारक केंद्रावर होते, मंचावरच्या कलाकारावर नाही. म्हणजे देशभर ज्या बाईचं नाव गाजत होतं, ती सरकारी फायलीत आरोपी नव्हतीच. आरोपी होती वाहिनी.

तक्रारींची मोजदाद

एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल पॉवेल यांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी जाहीर केली. कमिशनकडे पाच लाख चाळीस हजारांहून अधिक तक्रारी आल्या. एका कार्यक्रमाबद्दल एवढ्या तक्रारी पूर्वी कधीच आल्या नव्हत्या. वर्तमानपत्रांत हा आकडा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाच लाख घरं येतात, प्रत्येक घरात आपापल्या संतापाने पत्र लिहायला बसलेलं कुणीतरी.

प्रत्यक्षात तक्रारीही संघटित केल्या जातात. ‘पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल’सारख्या संघटना आपल्या सदस्यांना तयार मजकूर पुरवतात; नाव घालायचं आणि पाठवून द्यायचं. सीबीएसने न्यायालयात असा दावा केला की ८५ टक्क्यांहून अधिक तक्रारी अशा छापील साच्यातल्या होत्या, सुमारे २० टक्के तक्रारी दुबार होत्या आणि काही तक्रारी तर नोंदीत ३७ वेळा आल्या होत्या. तयार मजकुरावर सही केली म्हणून कुणाचा राग खोटा ठरत नाही. मोर्चात सगळे एकच घोषणा देतात, तरी प्रत्येकाचा असंतोष खरा असू शकतो. पण आकडा वाचताना तो रागाचा आहे की संघटनकौशल्याचा, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

तक्रार करणाऱ्याने नेमकं काय पाहिलं होतं, हा त्याहून अवघड प्रश्न. ब्रिटनमधलं एक उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. डिसेंबर २०१० मध्ये आयटीव्हीवर ‘द एक्स फॅक्टर’ या गायनस्पर्धेची अंतिम फेरी झाली. पाहुण्या कलाकार होत्या रिहाना आणि क्रिस्टिना अगिलेरा. ब्रिटनमध्ये रात्री नऊपर्यंतची वेळ कौटुंबिक मानतात आणि त्यांचा नाच त्या वेळेत झाला. प्रसारण नियामक ‘ऑफकॉम’कडे २,८६८ तक्रारी आल्या. चौकशीत आढळलं की त्यांपैकी सुमारे दोन हजार तक्रारी एका वर्तमानपत्राने छायाचित्रांसह बातमी छापल्यानंतरच्या होत्या. शिवाय ती छायाचित्रं टीव्हीवर दिसलेल्या दृश्यांची नव्हती. ती वेगळ्या कोनांतून टिपलेली होती आणि प्रक्षेपणापेक्षा बरीच अधिक उत्तान होती. एप्रिल २०११ मध्ये ऑफकॉमने निकाल दिला : नियमभंग झालेला नाही, पण कार्यक्रम मर्यादेच्या अगदी काठावर होता.

‘मुलांनी हे पाहायचं का?’ असा मथळा देणारा अंक तेच चित्र जमेल तेवढं मोठं छापतो. वाचक ते पाहतो, चिडतो आणि कार्यक्रमाविरुद्ध तक्रार करतो. या साखळीत वर्तमानपत्राने निवडलेलं छायाचित्र सहसा कुणाच्या हिशेबात येत नाही.

दंड कुणाला, किती

ह्यूस्टनच्या प्रकरणात सप्टेंबर २००४ मध्ये आदेश निघाला. सीबीएसच्या स्वतःच्या मालकीची २० केंद्रं, प्रत्येकी तेव्हाचा कमाल दंड २७,५०० डॉलर, एकूण साडेपाच लाख डॉलर. तोच कार्यक्रम दाखवणाऱ्या पण स्वतंत्र मालकीच्या संलग्न केंद्रांना वगळलं गेलं. सुपर बोलच्या जाहिरातींचा तेव्हाचा दर अर्ध्या मिनिटाला वीस लाख डॉलरच्या वर होता, म्हणजे दंडाची सगळी रक्कम मिळून काही सेकंदांच्या जाहिरातीएवढीच भरली.

लोकप्रतिनिधींना ही रक्कम क्षुल्लक वाटली. अमेरिकी काँग्रेसने नवा कायदा केला, जून २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली आणि कमाल दंड वाढून ३,२५,००० डॉलर झाला. वाहिन्यांनी थेट कार्यक्रम काही सेकंद उशिराने दाखवायला सुरुवात केली. २००४ च्याच ऑस्कर सोहळ्यात एबीसीने पाच सेकंदांचा विलंब ठेवला होता. कुणीतरी बटणावर बोट ठेवून बसेल आणि नको ते दिसण्याआधी कापेल, अशी ही व्यवस्था.

सीबीएस न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये फिलाडेल्फियातल्या अपील न्यायालयाने दंड रद्द केला. क्षणभर झळकून जाणाऱ्या मजकुराला दंड न करण्याचं कमिशनचं अनेक वर्षांचं धोरण होतं आणि ते कुठलीही पूर्वसूचना न देता बदलण्यात आलं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. नोव्हेंबर २०११ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तोच निकाल दिला. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि साडेपाच लाखांचा विषय संपला. त्या वेळी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी एक इशारा मात्र नोंदवला : आता धोरण स्पष्ट झालं आहे, त्यामुळे यापुढे हा बचाव चालणार नाही.

आठ वर्षांच्या या लढाईत जॅक्सनचं वागणं नैतिक की अनैतिक, यावर कुठल्याही न्यायालयाने निकाल दिला नाही. सगळा खल झाला तो सरकारी यंत्रणेने नियम बदलण्याची पद्धत पाळली का, यावर. रस्त्यावरचा वाद बाईबद्दल होता, न्यायालयातला प्रशासकीय कायद्याबद्दल. शेवटी वाहिनी सुटली.

कायद्याबाहेरची शिक्षा

जी सुटली नाही ती जॅक्सन. सुपर बोलनंतर आठवड्याभरात, ८ फेब्रुवारीला, ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता आणि तोही सीबीएसवरच. टिंबरलेक आला, त्याने दोन पुरस्कार स्वीकारले आणि मंचावरून दिलगिरी व्यक्त केली. जॅक्सन त्या सोहळ्यात दिसलीच नाही. मार्चअखेर तिचा ‘दमिता जो’ हा अल्बम आला. यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर पोचला, पण त्यातली गाणी रेडिओवर चालली नाहीत. व्हायाकॉमच्या वाहिन्यांनी तिला दूर ठेवल्याच्या बातम्या पुढे अनेकदा आल्या.

एनएफएलने काय केलं? २००५ ते २०१० या सहा वर्षांत मध्यंतराच्या मंचावर मुख्य कलाकार म्हणून आले पॉल मॅकार्टनी, रोलिंग स्टोन्स, प्रिन्स, टॉम पेटी, ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि द हू. सगळे पुरुष, सगळे मुरलेले. एका पुरुषाच्या हाताने घडलेल्या प्रकारानंतर सुरक्षित पर्याय म्हणून पुरुषांचीच निवड झाली. आणि २०१८ मध्ये त्याच मंचावर मुख्य कलाकार म्हणून टिंबरलेक परत आला.

पॉवेल यांनी दहा वर्षांनी दिलेल्या एका मुलाखतीत कबूल केलं की सगळा रोख जॅक्सनवर वळणं अन्यायाचं होतं. चित्रफीत सावकाश पाहिली तर ओढणारा हात टिंबरलेकचा आहे. टिंबरलेकने फेब्रुवारी २०२१ मध्ये जॅक्सन आणि ब्रिटनी स्पिअर्स या दोघींची जाहीर माफी मागितली आणि स्त्रीद्वेष व वर्णद्वेष चालवून घेणाऱ्या व्यवस्थेचा आपल्याला फायदा झाला, असं लिहिलं. जॅक्सन कृष्णवर्णीय, टिंबरलेक गोरा. बाईपणासोबत वर्णाचाही हिशेब या प्रकरणात होता, हे त्याच्या कबुलीत आलं.

अशा शिक्षेला आदेश लागत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. आमंत्रण येत नाही, गाणं लागत नाही, फोन उचलला जात नाही. कधी मात्र कराराच्या कलमांतून हिशेब चुकता करायला लावतात. २०१२ च्या सुपर बोलमध्ये मॅडोनाच्या कार्यक्रमात एम.आय.ए. या गायिकेने कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं. एनएफएलने तिच्याकडून आधी १५ लाख आणि नंतर एकूण १ कोटी ६६ लाख डॉलर मागितले. २०१४ मध्ये प्रकरण आपसात मिटलं, अटी गुप्त राहिल्या. ह्यूस्टनबद्दल सरकारने सीबीएसकडे मागितलेल्या दंडाच्या तीसपट रक्कम एका लीगने एका गायिकेकडे मागितली होती. गंमत अशी की या मंचावर गाण्यासाठी कलाकाराला मोठं मानधन मिळत नाही. मोबदला म्हणजे मिळणारी प्रसिद्धी.

वाद विकलाही जातो

इथवर वाचून गायिका म्हणजे नुसती बळी, असं वाटायला नको. वादाचं गणित ओळखून ते स्वतःच्या बाजूने फिरवणाऱ्याही आहेत, आणि त्यांत मॅडोनाचा हात धरणारं कुणी नाही.

मार्च १९८९ मध्ये पेप्सीने तिच्यासोबत ५० लाख डॉलरचा करार करून ‘लाइक अ प्रेयर’ या गाण्याची गोंडस जाहिरात दाखवली. दुसऱ्याच दिवशी एमटीव्हीवर त्याच गाण्याचा तिचा स्वतःचा व्हिडिओ आला. त्यात जळते क्रूस होते आणि एका कृष्णवर्णीय संतासोबतचं चुंबन होतं. धार्मिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली, पेप्सीने जाहिरात मागे घेतली, मॅडोनाकडे ५० लाख राहिले आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९० च्या अखेरीस ‘जस्टिफाय माय लव्ह’चा व्हिडिओ एमटीव्हीने नाकारला, तेव्हा तो कॅसेटवर विकायला आला. एबीसीच्या ‘नाइटलाइन’ या रात्री उशिराच्या वृत्तकार्यक्रमाने तो पूर्ण दाखवून तिची मुलाखत घेतली. बंदीमुळे तुम्हाला जास्तच पैसे मिळतील, असं मुलाखतकाराने सुचवलं, तेव्हा ‘माझं नशीब’ अशा अर्थाचं उत्तर देऊन ती मोकळी झाली. त्याच सुमारास कॅमिल पाग्लिया या लेखिकेने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून तिला खरी स्त्रीवादी ठरवलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिचं ‘सेक्स’ हे छायाचित्रांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत पहिल्याच दिवशी दीड लाख प्रती खपल्या.

पण हे सूत्र सगळ्यांना लागू पडत नाही. १९९२ मध्येच मॅडोनाने टाइम वॉर्नरशी करार करून ‘मॅव्हरिक’ ही स्वतःची कंपनी काढली होती. काय दाखवायचं, केव्हा आणि कुठल्या दुकानात, हे ती बऱ्याच अंशी स्वतः ठरवू शकत होती. मर्जी चालायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. एकोणिसाव्या वर्षी पहिला करार करणाऱ्या मुलीच्या हातात ते नसतं.

मर्जीचा मामला

‘तिची मर्जी’ म्हणणाऱ्यांना खरा पेच इथे पडतो. २५ ऑगस्ट २०१३ रोजी ब्रुकलिनमध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात वीस वर्षांच्या मायली सायरसने रॉबिन थिकसोबत केलेल्या नाचावरून जगभर काहूर उठलं. ट्विटरवर एका मिनिटाला तीन लाखांहून अधिक ट्विट पडले. एमटीव्ही ही केबल वाहिनी, त्यामुळे एफसीसीला करण्यासारखं काही नव्हतं, आणि तक्रारीही दीडशेच्या घरातच आल्या. लोकांचा राग आता सरकारी टपालपेटीऐवजी थेट चव्हाट्यावर जमा होऊ लागला होता. त्या रागाचा बहुतेक वाटाही सायरसच्याच पदरात पडला. तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा थिक त्या मानाने स्वस्तात सुटला.

पुढच्या महिन्यात आलेल्या ‘रेकिंग बॉल’च्या व्हिडिओत सायरस विवस्त्र दिसली. या व्हिडिओची प्रेरणा आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनरच्या जुन्या व्हिडिओवरून घेतल्याचं तिने सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये ओ’कॉनरने तिला अनावृत पत्र लिहिलं. संगीताचा धंदा तुला वापरतो आहे, पैसा पुरुष नेतील आणि किंमत तू मोजशील, असा त्याचा आशय. ओ’कॉनर हे अनुभवातून सांगत होती : केस वाढव, जास्त बायकी कपडे घाल असा रेकॉर्ड कंपनीने आग्रह धरला तेव्हा तिने चक्क मुंडण करून घेतलं होतं. सायरसने तिची टर उडवली. अमांडा पामर या गायिकेने सायरसची बाजू घेऊन उलट पत्र लिहिलं : हे सगळं सायरसनेच ठरवलेलं आहे, आणि बायकांना नग्न होण्याचंही स्वातंत्र्य हवं.

त्याच महिन्यात बीबीसीवरच्या एका व्याख्यानात वेल्सची गायिका शार्लट चर्च हिने या वादात नेमकेपणा आणला. बाराव्या वर्षी शास्त्रीय गायिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या चर्चने सांगितलं की एकोणीस-वीस वर्षांची असताना अंगप्रदर्शन करणारे कपडे घालण्यासाठी तिच्यावर दडपण होतं. हे दडपण धमकीचं नव्हतं. मध्यमवयीन अधिकारी तिच्या शरीराची तारीफ करत आणि ते दाखवायला काय हरकत आहे, असं विचारत. अशा खोलीत दिलेला होकार कागदावर होकारच असतो.

आणि ब्रिटनी स्पिअर्स? २००८ ते नोव्हेंबर २०२१ पर्यंत ती कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाखाली होती. तिचा पैसा, करार आणि दैनंदिन आयुष्य यांवर वडिलांचा आणि इतर नेमलेल्या माणसांचा ताबा होता. याच काळात, २०१३ ते २०१७ पर्यंत, लास व्हेगासच्या मंचावर ती तोकड्या चमचमत्या कपड्यांत मनमोकळ्या, मादक, कुणालाही न जुमानणाऱ्या बाईची भूमिका रात्रीमागून रात्री वठवत होती. जून २०२१ मध्ये तिने न्यायालयाला सांगितलं की आपल्याला आणखी मूल हवं आहे, पण बसवलेलं गर्भनिरोधक साधन काढून घ्यायचीही मोकळीक नाही. मंचावर दिसणारी मोकळीक आणि प्रत्यक्षातली मोकळीक यांत एवढं अंतर असू शकतं. दिसण्यावरून मर्जी ताडता येत नाही. ना कपडे कमी असल्यावरून, ना जास्त असल्यावरून.

मुलांचा प्रश्न

या वादातला सर्वांत रास्त मुद्दा मुलींचा आहे, आणि तो बहुधा सर्वांत ढिसाळपणे मांडला जातो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने २००७ मध्ये मुलींच्या लैंगिकीकरणावर अहवाल दिला. निरोगी लैंगिकता आणि लैंगिकीकरण यांत त्याने फरक केला आणि लैंगिकीकरणाच्या चार खुणा सांगितल्या : माणसाची किंमत केवळ लैंगिक आकर्षणावर ठरवणं, आकर्षक दिसणं म्हणजेच मादक दिसणं असा मापदंड लावणं, माणसाला वापरायची वस्तू मानणं आणि लैंगिकता अयोग्य रीतीने लादणं. या खुणा लावल्या की चर्चा कपड्यांच्या इंचांवरून हलते. आपल्या अटींवर, आपल्या इच्छेबद्दल गाणारी तिशीतली बाई आणि शाळकरी मुलीच्या वेशात पुरुषी नजरेसाठी उभी केलेली सोळा वर्षांची गायिका यांतला फरक मग दिसू लागतो.

उपाय मात्र प्रेक्षकाच्या वयाभोवतीच घुटमळतात. १९८५ मध्ये टिपर गोर आणि वॉशिंग्टनच्या इतर राजकारण्यांच्या पत्नींनी मोहीम उघडली. त्यांनी आक्षेप घेतलेल्या पंधरा गाण्यांत मॅडोना, सिंडी लॉपर आणि शीना ईस्टन यांचीही गाणी होती. सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी लावायला कंपन्या तयार झाल्या. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून ऑनलाइन संगीत व्हिडिओंना चित्रपटांसारखे वयोगट देण्याचा प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षी तो कायम केला गेला. मूल काय पाहतं, याची थोडीफार काळजी या पट्ट्या घेतात. गाणाऱ्या मुलीला खोलीत काय सांगितलं जातं, यावर कुठलीच पट्टी लागत नाही.

पुढच्या वेळी

हे टप्पे एका ताज्या वादाला लावून पाहू. जून २०२५ मध्ये सब्रिना कार्पेंटरने ‘मॅन्स बेस्ट फ्रेंड’ या अल्बमचं मुखपृष्ठ जाहीर केलं. त्यात ती गुडघ्यांवर आहे आणि एका पुरुषाच्या मुठीत तिचे केस आहेत. घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या ग्लासगोतल्या एका संस्थेने कडक टीका केली. चाहत्यांनी त्यात उपहास असल्याचं सांगितलं. काही दिवसांतच कार्पेंटरने दुसरं मुखपृष्ठही आणलं आणि त्याची ओळख ‘देवाने मंजूर केलेलं’ अशी थट्टेने करून दिली. ऑगस्टअखेर अल्बम आला.

इथे परवाना नाही, म्हणून नियामक नाही. तक्रारपेटी नाही, म्हणून मोजायला आकडा नाही. ज्या समाजमाध्यमांवर निषेध झाला तीच त्या चित्राची फुकट जाहिरात होती. निर्णय कुणाचा, याचं उत्तर तिच्या बाबतीत बरंचसं ‘तिचाच’ असं येतं, कारण तेव्हा ती लोकप्रियतेच्या शिखरावर होती, सव्वीस वर्षांची होती आणि नकार देण्याइतकं वजन तिच्याकडे होतं. त्यामुळे चित्राचा अर्थ काय, हिंसा सोसलेल्या बाईला ते कसं दिसेल, असे प्रश्न तिला थेट विचारणं योग्यच ठरतं. निर्णय जिचा, तिने उत्तर द्यावं.

हाच न्याय उरलेल्यांनाही लावायला हवा. गायिका एकोणीस वर्षांची असेल आणि खोलीत सात अधिकारी असतील, तर त्या सातांची नावं मथळ्यात आली पाहिजेत. पोशाख ओढणारा हात दुसऱ्याचा असेल, तर माफीची पहिली मागणी त्या हाताकडे झाली पाहिजे. वर्तमानपत्राने प्रक्षेपणात नसलेलं छायाचित्र छापलं असेल, तर ‘मुलांनी हे पाहायचं का?’ हा प्रश्न त्याच्याही संपादकाला विचारता येतो. पॉप गायिकांवर टीका जरूर व्हावी. फक्त बिल फाडण्याआधी ऑर्डर कुणी दिली होती, तेवढं पाहून घ्यावं.